चोवीस मिनिटांवरचं बेट

सगळं बेट त्याला 'मीटर' म्हणायचं. पोरंटोरं तोंडावर मीटरकाका म्हणायची, मोठी माणसं पाठीमागे नुसतं मीटर. नाव पडलं ते त्याच्या बोलण्यावरून. दुकान किती लांब आहे असं विचारलं, तर दुसरा कुणी 'हे काय, दोन पावलांवर' म्हणेल. हा म्हणायचा, "साडेतीनशे मीटर. शेवटी थोडा चढ आहे." बायको चारचौघांत त्याची टर उडवायची. "मला बघायला आले तेव्हा चार मीटरवर बसले होते. तिथून जवळ सरकायला सहा महिने घेतले." तो खाली मान घालून हसायचा.

नोकरीच तशी होती. बेटावर एक धावपट्टी, तिच्या कडेला पत्र्याच्या छपराची बैठी इमारत आणि छपरावर चारी बाजूंनी काचा लावलेली एक खोली. तिला सगळे माडी म्हणत. माडीवर बसून दर अर्ध्या तासाने चहूकडे बघायचं आणि किती लांबचं दिसतंय ते रेडिओवरून मोठ्या बेटाच्या विमानतळाला सांगायचं, हे त्याचं काम. खुणा ठरलेल्या होत्या. पाण्याची टाकी आठशे मीटर, शाळेचं छप्पर बाराशे, वीजघराचं धुराडं पंधराशे. धुराडं दिसलं तर विमान येणार, नाही दिसलं तर नाही. इतका साधा हिशेब. तो चुकला तर काय होतं, हे बेटावर त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

दोन्ही विमानतळांमधलं अंतर अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. नऊ माणसांचं छोटं विमान ते चोवीस मिनिटांत कापायचं, समोरून वारा असला तर सत्तावीस. लाँचला सहा तास लागत आणि ती आठवड्यातून एकदाच येई. मोठा बाजार मोठ्या बेटावर, कॉलेज मोठ्या बेटावर, इस्पितळही तिथेच. इकडे फक्त एक दवाखाना आणि एक डॉक्टरीणबाई.

तो विमानतळावर लागला तेव्हा धावपट्टीवरची गुरं हाकलायचं काम करायचा. माडीवरच्या निरीक्षकाने त्याचे डोळे हेरले. "तुला ते जहाज दिसतं? मला अजून नुसता ठिपका दिसतोय," असं म्हणत त्या म्हाताऱ्याने त्याला वर बोलावलं, वाचायला पुस्तकं दिली, परीक्षेला बसवलं आणि पुढे आपली मुलगीही दिली. सासरा म्हणण्यापेक्षा गुरूच होता तो. भला माणूस. नको इतका भला.

लग्नाला वर्ष झालं असेल तेव्हाची गोष्ट. दाट धुकं होतं. मोठ्या बेटाच्या विमानतळावर एक मुलगा ताटकळत बसला होता, इकडे त्याची आई शेवटच्या घटका मोजत होती. तिकडून तीनदा विचारणा झाली. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याने धुराडं दिसत नसताना 'पंधराशे' सांगितलं. 'विमान येईपर्यंत उघडेलच,' असं तो जावयाकडे बघून म्हणाला. उघडलं नाही. विमान धावपट्टीच्या चारशे मीटर अलीकडे पाण्यात गेलं. सात माणसं होती. त्यांना काढायला कमरेएवढ्या पाण्यात उतरलेल्यांत तो स्वतः होता. सासरा त्यानंतर दोन वर्षं जगला, पण जगला म्हणायचं इतकंच. माडीची खुर्ची जावयाकडे आली. त्या घरात त्या दिवसाबद्दल नवराबायको कधी बोलले नाहीत. जे दिसतं तेच सांगायचं, एवढं मात्र त्याने मनाशी पक्कं केलं, आणि पंचवीस वर्षं ते पाळलं. त्यापायी लोकांची बोलणी खाल्ली. कुणाची परीक्षा बुडाली, कुणाची नोकरीची मुलाखत गेली. "काय जातं रे तुझं शंभर मीटर वाढवायला?" असं लोक विचारायचे.

बायको शिवणकाम करायची. शाळेचे सगळे गणवेश तिच्या मशीनवरून जात. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिचे पाय सुजायला लागले. आधी वाटलं, दिवसभर मशीन मारून सुजत असतील. मोठ्या बेटावर तपासणी झाली तेव्हा कळलं, दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सोमवार, बुधवार, शुक्रवार. चोवीस मिनिटं जायला, चार तास मशीनवर, चोवीस मिनिटं यायला.

विमान छोटं, त्यामुळे चढण्याआधी प्रत्येक प्रवाशाचं वजन व्हायचं. काउंटरवरची बाई सामानाच्या काट्यावरच माणसांना उभं करायची. बायको जाताना एक्कावन्न किलो भरायची आणि परतीच्या वेळी तिकडच्या काट्यावर साडेअठ्ठेचाळीस. "अडीच किलो पाणी तिकडेच ठेवून आले," ती उतरता उतरता सांगायची. काउंटरवाली हसायची. तो माडीच्या जिन्यातून बघत असायचा. तिचं वजन किती भरलं हे त्याला दर वेळी कळायचं, आणि ते कळून काय करायचं हे मात्र कळायचं नाही.

असे तीन पेशंट होते बेटावर: ती, बंदरावरचा एक हमाल आणि एक म्हातारी. डॉक्टरीणबाईंनी आरोग्य खात्याला अर्ज केला होता की इथेच एक मशीन द्या. आठ महिन्यांनी उत्तर आलं: 'उभय विमानतळांमधील अंतर ८८ किलोमीटर असून उड्डाणास केवळ २४ मिनिटे लागतात. सबब स्वतंत्र सुविधेची आवश्यकता दिसून येत नाही.' बाईंनी तो कागद त्याला दाखवला. त्याने दोनदा वाचला. आकड्यात चूक नव्हती. त्याने कागद घडी घालून परत दिला.

त्या वर्षी धुकं रविवारी सकाळी उतरलं.

सोमवारी टाकीच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. विमान आलं नाही. बायको तयार होऊन, चपला घालून खाली बाकावर बसली होती. "चला, आज सुट्टी," म्हणून ती उठली आणि घरी जाऊन शिवणाच्या मशीनवर बसली. डॉक्टरीणबाईंनी पाणी तोडलं, फळं बंद केली, कसलीशी पावडर दिली. बाकीच्या दोन पेशंटांची मूत्रपिंडं अजून थोडंफार काम करत होती, ते तग धरतील म्हणाल्या. त्याने सगळं कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवलं.

मंगळवारी मुलीने उचल खाल्ली. मुलगी चोवीस वर्षांची, शाळेत शिकवायची. स्वभाव आजोबांचा, कुणाचं दुःख दिसलं की हातातलं काम टाकून धावणारी. लाँच दुरुस्तीसाठी गोदीत पडली होती, म्हणून तिने एका मासेमारी होडीवाल्याला गळ घातली. आईला गाद्यांवर निजवून ते निघाले. खडकांमधून बाहेर पडायची वाट जेमतेम तीस मीटर रुंद. होडीवाला तासभर घिरट्या घालत राहिला, त्याला वाट सापडेना. एकदा होडीचा तळ खरखरला तेव्हा त्याने हात जोडले. "पोरी, आईला वाचवायला जाऊन तिला बुडवून ठेवीन मी." ते परत आले तेव्हा बायकोला ओकून ओकून बोलवत नव्हतं.

बुधवारी तिला काट्यावर उभी केली तेव्हा काटा चौपन्नवर गेला. काउंटरवालीने आकडा लिहिला आणि मान वर केली नाही.

त्या दिवशी अकराच्या सुमारास धुकं हलायला लागलं. शाळेचं छप्पर दिसू लागलं. मोठ्या बेटावर पायलट विमानात बसूनच होता. हा पायलट म्हणजे जाडा, बडबड्या माणूस, अठरा वर्षं याच मार्गावर उडत होता आणि मीटरला भाऊ म्हणायचा. रेडिओवर त्याचा आवाज आला, "भाऊ, वहिनींसाठी इंजिन गरम करून बसलोय. धुराडं दिसलं का, तेवढं सांग."

मुलगी माडीवर त्याच्या शेजारी उभी होती. तिने काचेला बोट लावलं.

"बाबा, ते बघा. दिसतंय."

त्याने बघितलं. करड्यावर करडी अशी एक उभी रेघ असल्यासारखी वाटली. त्याने डोळे मिटून उघडले. रेघ नव्हती. मग पुन्हा आहेशी वाटली.

"मला नाही दिसत," तो म्हणाला.

"असं कसं नाही दिसत? समोर आहे! तुम्ही बघतच नाही आहात."

"तुला ते तिथे आहे हे माहीत आहे, म्हणून दिसतंय."

"आणि तुम्हाला ते दिसायला नकोय, म्हणून दिसत नाहीये."

त्याने आणखी एक मिनिटभर बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, ते बघून बघून आलं की कशाने, देव जाणे. त्याने बटण दाबलं.

"बाराशे."

पायलट म्हणाला, "बरं." इंजिन बंद झाल्याचा आवाज रेडिओतून आला. पंधरा मिनिटांनी शाळेचं छप्परही पुन्हा गडप झालं. मुलगी जिना उतरून गेली. त्यानंतर ती घरात होती, आईचे पाय चेपत होती, तिला कुशीवर वळवत होती, पण बापाशी एक अक्षर बोलली नाही.

गुरुवारी बायकोला आडवं झालं की दम लागायचा, म्हणून तिला उशांना टेकवून बसवली. डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला. बचाव दलाचं जहाज मागवलं होतं. ते लांब दुसऱ्या कुठल्या बुडत्या बोटीपाशी होतं आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचतो म्हणाले. धुक्यात हेलिकॉप्टर यायचा प्रश्नच नव्हता. दुपारी मुलगी बाईंबरोबर औषध आणायला गेली तेव्हा घरात दोघंच होती. बायकोने नाकाची नळी जराशी बाजूला केली.

"अहो."

"बोलू नकोस."

"पंचवीस वर्षांत मी तुमच्या कामात तोंड घातलंय?"

"नाही."

"मग आता एकदा घालते. उद्या पंधराशे सांगा ना."

हे तिच्या तोंडून येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. ती त्या म्हाताऱ्याची मुलगी होती. बापाला दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडलेला तिने पाहिला होता, त्याला घास भरवला होता. सगळं माहीत असून ती मागत होती.

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "मी खूप धीर धरला. आता नाही होत."

"बघतो," तो म्हणाला. नळी नीट लावून दिली आणि बाहेर ओट्यावर येऊन बसला.

शुक्रवारी सकाळी दोघातिघांनी तिला खुर्चीसकट उचलून विमानतळावर आणली. काट्यावर उभं राहणं शक्य नव्हतं. काउंटरवालीने न मोजताच काहीतरी लिहिलं. खाली बाकापाशी डॉक्टरीणबाई, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि मुलगी. तो वर गेला. पाण्याची टाकीसुद्धा दिसत नव्हती. नऊ वाजता रेडिओवर पायलटने विचारलं.

"भाऊ, काय म्हणतंय?"

"पंधराशे," तो म्हणाला.

आवाज त्याचाच होता. इतका सहज आला की त्यालाच आश्चर्य वाटलं.

"नक्की?" पायलटने विचारलं. अठरा वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

"हो."

"आलोच मग. वहिनींना सांग, खिडकीची जागा ठेवलीय."

नऊ सहाला विमान सुटल्याचं तिकडून कळवलं. त्याने वहीत वेळ टाकली. मग तो काचेपाशी उभा राहिला आणि धुकं हटण्याची वाट बघू लागला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. धुकं तसंच, गोधडीसारखं. पंधराव्या मिनिटाला त्याला वाटलं, टाकी दिसतेय. नव्हती दिसत. पायलट विमानात एकटा नव्हता. परतीच्या वाटेवरची चार माणसं बरोबर होती, पाच दिवस तिकडे अडकून पडलेली. त्यात शाळेचे मुख्याध्यापक होते. याला ते ठाऊक होतं. 'पंधराशे' म्हणतानाही ठाऊक होतं.

एकोणिसाव्या मिनिटाला समुद्राकडून घरघर ऐकू आली. विमान खाली यायला लागलं होतं.

त्याने बटण दाबलं. "परत जा."

"काय?"

"परत जा. वर घे आणि परत जा. पंधराशे नाहीयेत. टाकीसुद्धा दिसत नाही. मी खोटं सांगितलं."

घरघर जवळ आली, अगदी डोक्यावर आल्यासारखी वाटली. मग आवाज चढला, वर गेला, आणि लांब लांब जात नाहीसा झाला. पायलट एवढंच म्हणाला, "कळलं."

खाली बायकोने तो आवाज ऐकला होता. तिने मुलीचा हात दाबला. "आलं बघ," ती म्हणाली. मुलगी दारापर्यंत धावत गेली. आवाज विरताना ती तिथेच उभी होती, आणि परत आईकडे वळायला तिला बराच वेळ लागला. आईने विचारलं, "उतरलं का?" मुलगी म्हणाली, "हो, उतरतंय." तो तेव्हा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आला होता. त्याने ते ऐकलं. तो येऊन बायकोच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला.

दहा चाळीसला तिचं हृदय थांबलं. डॉक्टरीणबाई पंचवीस मिनिटं झटत होत्या. दुपारी तीन वाजता धुकं निघालं, समुद्र आरशासारखा स्वच्छ झाला.

तिला निरोप देऊन झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो माडीवर गेला आणि वहीत शुक्रवारच्या ओळीखाली त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं की नऊ वाजताचा आकडा खोटा होता, प्रत्यक्षात आठशेपेक्षा कमी दिसत होतं, आणि हे मी जाणूनबुजून केलं. खाली सही केली. पायलट त्याला भेटायला आला तेव्हा चिडलेला होता.

"मी एक शब्द लिहिला नव्हता. प्रवाशांना म्हटलं, हवा बदलली. तू कशाला पायावर धोंडा पाडून घेतलास?"

"तुझ्या विमानात चार माणसं होती."

"होती. आणि घरी आहेत सगळी."

"ते माझ्यामुळे नाही."

पायलट उठला. मग जाता जाता म्हणाला, "बुधवारी तू पंधराशे म्हणाला असतास ना, तर मी बहुतेक उतरवलं असतं. बाराशेला जमलं असतं मला." बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. पण शब्द काय, सुटला तो सुटला.

चौकशी झाली. त्याने काहीच नाकारलं नाही, त्यामुळे ती एका दुपारीच उरकली. त्याला कामावरून काढलं. माडीवर एक यंत्र बसलं, ते आपोआप मोजून आकडा पाठवतं. वर खुर्ची आहे, पण बसायला कुणी नाही.

तीन-चार महिने तो घरातच होता. मुलगी जेवण करून ठेवायची आणि शाळेत जायची. एका घरात दोघं भाडेकरू राहावेत तशी ती राहत होती. मग एका रविवारी तिने आरोग्य खात्याचा तो जुना कागद त्याच्यापुढे ठेवला. डॉक्टरीणबाईंकडून आणला होता.

"यात काय चूक आहे ते मला लिहून द्या," ती म्हणाली. चार महिन्यांत ती त्याच्याशी प्रथमच बोलत होती.

"चूक नाही. अंतर बरोबर आहे, वेळ बरोबर आहे."

"मग आई का गेली?"

तो उठला. पंचवीस वर्षं तो कार्यालयाच्या वहीबरोबर घरीही एक वही ठेवायचा. त्या पंचवीस वह्या त्याने ट्रंकेतून काढल्या. दोघं आठवडाभर जेवणाच्या टेबलावर बसून दिवस मोजत होती. विमान न आलेले दिवस: वर्षाला सरासरी एकेचाळीस. त्यांतले सलग तीन किंवा जास्त दिवस बंद राहिल्याचे प्रसंग: पंचवीस वर्षांत अठ्ठावन्न. मोजता मोजता त्या बुधवारचं पान आलं. मुलीने त्या पानावर हात ठेवला.

"खरं सांगा. धुराडं दिसलं होतं का तुम्हाला?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "रोज आठवून बघतो. कधी दिसतं, कधी दिसत नाही."

तिने पान उलटलं.

अर्ज गेला. या वेळी उत्तराला अकरा महिने लागले, आणि तोवर उरलेल्या दोन पेशंटांपैकी एक, बंदरावरचा हमाल, बेट सोडून मोठ्या बेटावर एका खोलीत राहायला गेला आणि तिथेच वारला. मशीन मंजूर झालं, आलं, आणि दवाखान्यातल्या मागच्या खोलीत प्लास्टिकच्या वेष्टनात पडून राहिलं, कारण ते चालवायला माणूस नव्हतं. तेव्हा मुलीने शाळेची नोकरी सोडली आणि ते काम शिकायला आठ महिने मोठ्या बेटावर गेली. त्याने तिला बॅग भरून दिली. निरोपाच्या वेळी त्याने बॅगेची चेन दोनदा लावून बघितली.

मशीन सुरू झालं त्या दिवशी तो दवाखान्यात गेला नाही. कुणी बोलावलंही नव्हतं. सकाळपासून तो घरीच होता, भाजी चिरत, भांडी घासत, घासलेली पुन्हा घासत. मुलगी दुपारी दोन वाजता आली. चपला दारात टाकल्या, हात धुतले आणि खुर्चीत धपकन बसली. तिच्या ब्लाउजच्या बाहीवर रक्ताचा लहानसा डाग होता.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. चार तास. एकदा रक्तदाब उतरला तेव्हा बाईंना हाक मारली, पण झालं."

त्याने ताट वाढलं. ती भुकेली होती, मान वर न करता जेवत राहिली. तो समोर बसला.

"म्हातारी फार घाबरली होती," ती घास चावत म्हणाली. "चारही तास माझा हात सोडला नाही तिने. बोटं अजून दुखतायत." मग पाणी प्यायली. "भाजीत मीठ नाहीये."

"विसरलो."

"द्या इकडे."

त्याने मिठाची बरणी सरकवली. तिने स्वतःच्या ताटात घातलं, मग थोडं त्याच्याही ताटात घातलं.

"परवा पुन्हा आहे," ती म्हणाली. "जेवा तुम्ही. निवतंय."